बंदुकीचा धक्का आणि नळीच्या तोंडावरचा ब्रेक

होडींतून काठावर उडी मारणारा मनुष्य पुढें जातो, त्याच क्षणीं होडी मागें सरते. कोंकणांतल्या कोणत्याही खाडीवर हा प्रकार नित्य पाहावयास मिळतो. बंदुकीचेंही तसेंच आहे. छर्रे पुढें धांवतात आणि बंदूक मागें येऊन नेमबाजाच्या खांद्यावर आदळते. एकदोन बारांचा धक्का कोणीही सोसतो; परंतु हवेंत फेकलेल्या तबकड्या फोडण्याच्या खेळांत एका दिवसांत शंभर किंवा अधिक बार काढावे लागतात. तेव्हां खांदा ठणकूं लागतो, चाप ओढण्याच्या क्षणीं डोळे मिटूं लागतात, आणि नेम हुकूं लागतो. ही दचक एकदां अंगीं जडली कीं ती घालविण्यास महिनेच्या महिने लागतात.

या धक्क्यावर उपाय म्हणून नळीच्या तोंडावर बसवावयाचें एक साधन विकलें जातें. त्यास मझल ब्रेक म्हणतात. कित्येकांची अशी समजूत असते कीं, हें साधन बंदुकीचा आवाजही कमी करतें. ती समजूत साफ चुकीची आहे. आवाज दाबणारें साधन निराळें. हा ब्रेक नेमबाजाच्या कानाशीं येणारा आवाज वाढवितो. अर्धस्वयंचलित छऱ्यांच्या बंदुकीसाठीं असा ब्रेक निवडावयाचा झाल्यास प्रथम त्याची धांव कोठवर आहे हें पाहिलें पाहिजे. आणि तें जाहिरातींपेक्षां साध्या गुणाकारानें अधिक चांगलें कळतें.

उदाहरणास १२ बोअरची बंदूक घेऊं. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यांतील एक गोळी ज्या नळींत नेमकी बसेल ती १२ बोअरची नळी. तिचा आंतील व्यास सुमारें १८.५ मिलिमीटर असतो. अशा बंदुकीच्या एका प्रचलित काडतुसांत ३२ ग्रॅम छर्रे, त्यांना धरून ठेवणारी अडीच ग्रॅमच्या आसपासची प्लॅस्टिकची वाटी आणि जेमतेम १.४ ग्रॅम दारू असते. छर्रे सेकंदास ३६५ मीटर वेगानें बाहेर पडतात असें धरूं.

पदार्थविज्ञानांत वस्तुमान आणि वेग यांच्या गुणाकारास संवेग म्हणतात. पुढें जाणाऱ्या सर्व वस्तूंचा मिळून जेवढा संवेग, तेवढाच मागें येणाऱ्या बंदुकीचा. आतां ३२ ला ३६५ नें गुणिलें म्हणजे छऱ्यांचे ११,६८० एकक होतात. वाटीचे सुमारें ९१०. राहिला दारूचा वायु. त्याचा परिणामी वेग छऱ्यांच्या वेगाच्या दीडपट धरण्याची अमेरिकेंतील शस्त्र-उत्पादकांची रीत आहे. त्या हिशेबानें वायूचे सुमारें ७७० एकक भरतात. एकूण बेरीज १३,३६०. म्हणजे एकंदर धक्क्यांत वायूचा वांटा सतराव्या हिश्शाइतकाच झाला.

ही बेरीज जवळ ठेवून रायफलीकडे पाहावें. अमेरिकन सैन्यानें १९०६ सालीं स्वीकारलेल्या .३०-०६ जातीच्या काडतुसांत ९.७ ग्रॅमची गोळी सेकंदास सुमारें ८८५ मीटर वेगानें जाते, आणि दारू ३.२ ग्रॅमच्या आसपास असते. गोळीचे सुमारें ८,५८५ एकक. रायफलीच्या वायूचा वेग त्याच रीतीनें पावणेदोनपट धरतात. तेव्हां वायूचे जवळजवळ ४,९५० एकक होतात. बेरीज १३,५०० च्या थोडी वर, म्हणजे छऱ्यांच्या बंदुकीइतकीच. परंतु येथें वायूचा वांटा एकतृतीयांशाहून अधिक आहे. नळींतल्या दाबाची तुलना केली तरी हाच फरक दिसतो. १२ बोअरच्या साध्या काडतुसास मान्य असलेला कमाल दाब सुमारें ८०० वातावरणांचा, तर या रायफलीचा सुमारें ४,००० वातावरणांचा आहे.

या फरकाचें महत्त्व ब्रेकची रचना पाहिली म्हणजे ध्यानीं येतें. ब्रेक हा नळीच्या पुढें जोडलेला एक पोकळ नळा असून त्यास आडव्या खाचा किंवा छिद्रें असतात. छर्रे सरळ पुढें निघून जातात. त्यांच्यामागून येणारा तप्त वायु मात्र खाचांकडे पसरतो, खाचेच्या पुढल्या भिंतीवर आदळून तिला पुढें ढकलतो, आणि बाजूस निसटतो. ती भिंत बंदुकीस जोडलेली असल्यामुळें बंदूकही तितकीच पुढें ओढली जाते. ब्रेकची सारी करामत एवढीच. छऱ्यांनीं दिलेल्या धक्क्यास तो हात लावूं शकत नाहीं. त्याचा सारा व्यवहार वायूशीं असतो.

म्हणून जेथें वायु पुष्कळ, तेथें ब्रेक गुणकारी ठरतो. दुसऱ्या महायुद्धांतील ब्रिटिश २५ पौंडी तोफेचें उदाहरण प्रसिद्ध आहे. रणगाड्यांवर चिलखतभेदी गोळे डागण्यासाठीं तींत अधिक दारू भरूं लागतांच तोफ अस्थिर होऊं लागली. तेव्हां १९४२ पासून तिच्या तोंडाशीं ब्रेक बसविण्यांत आला, आणि पुढें वाढलेल्या वजनाचा तोल साधण्यासाठीं मागल्या बाजूसही वजन जोडावें लागलें. छऱ्यांच्या बंदुकीचें गणित याच्या उलट आहे. तिचा सर्वच वायु बाजूस वळविला असें मानलें तरी १३,३६० मधून फार तर ७७० वजा होणार. बंदुकीचें वजन ३.४ किलोग्रॅम असेल, तर ब्रेकवांचून तिची मागें येण्याची ऊर्जा सुमारें २६ ज्यूल भरते आणि अशा निर्दोष ब्रेकसह सुमारें २३. बचत शेकडा ११ ची झाली. वायु तिरका मागें वळविल्यास बचत थोडी वाढते. परंतु त्याचें मोल कानांना द्यावें लागतें.

तर मग छऱ्यांच्या बंदुकीवर ही साधनें लोकप्रिय तरी कां झालीं? त्याचा इतिहास मनोरंजक आहे. अमेरिकेच्या मरीन दलांतील अधिकारी रिचर्ड कट्स आणि त्यांचे चिरंजीव यांनीं विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत ‘कट्स कॉम्पेन्सेटर’ नांवाचें साधन तयार केलें. थॉम्सनच्या १९२८ च्या नमुन्याच्या लहान मशीनगनवर तें बसविलें जाई. छऱ्यांच्या बंदुकीसाठीं लायमन कंपनीनें तें विक्रीस आणलें. त्या सुमारास अमेरिकेंत ‘स्कीट’ हा तबकड्या फोडण्याचा खेळ भरभराटीस येत होता, आणि पुष्कळ खेळाडूंच्या अर्धस्वयंचलित बंदुकांच्या टोकाला हा फुगीर नळा दिसूं लागला. परंतु त्याच्या लोकप्रियतेचें श्रेय केवळ धक्का कमी करण्यास देतां येणार नाहीं. त्याच्या पुढल्या टोकास निरनिराळ्या मापांच्या नळ्या बदलून बसवितां येत. त्यामुळें एकाच बंदुकीनें छऱ्यांचा फैलाव हवा तसा रुंद किंवा अरुंद करतां येई. पुढें नळीच्या आंतच आट्यांनीं बसणाऱ्या चोक-नळ्या निघाल्या, आणि त्या फुगीर नळ्याचें प्रयोजन बव्हंशीं संपलें. शेजारच्या नेमबाजांना त्याचा कर्कश आवाज नकोसा होई, हेंही एक कारण होतें.

दुसरें कारण नळीच्या उचलीचें. बंदुकीची नळी खांद्याच्या टेकणापेक्षां वर असते. त्यामुळें बार होतांच बंदूक मागें येते आणि तिचें तोंडही वर उडतें. अर्धस्वयंचलित बंदुकींत दुसरें काडतूस आपोआप भरलें जात असल्यामुळें दुसरा बार लगेच काढतां येतो; तेव्हां तोंड जितकें कमी उडेल तितकी दुसरी तबकडी लवकर सांपडते. या कामीं थोडा वायुही उपयोगी पडतो. तागडीच्या लांब दांडीच्या टोकास टांगलेलें लहान वजन जवळच्या मोठ्या वजनास तोलून धरतें. त्याप्रमाणें खांद्यापासून मीटरभर दूर, नळीच्या टोकाशीं वायूचा वर उडणारा लहानसा झोत तोंड खालीं दाबूं शकतो. अर्थात् छऱ्यांच्या बंदुकीच्या ब्रेकपासून कांहीं अपेक्षा करावयाची असेल तर ती मुख्यतः ही. खांद्याचें दुखणें हटविण्यासाठीं कोणी ब्रेक घेत असेल तर त्याची बहुधा निराशा होईल. वेगानें दुसरा बार काढण्यासाठीं घेत असेल, तर वरच्या बाजूस छिद्रें असलेला प्रकार त्यास कांहीं अंशीं उपयोगी पडेल. मात्र कमरेशीं धरून बार काढण्याची संवय असणाऱ्यास हीं वरचीं छिद्रें धोक्याचीं आहेत. कारण त्यांतून उडणारा वायु व जळके कण तोंडाकडे येऊं शकतात.

निवड करतांना दुसरा विचार बंदुकीच्या यंत्ररचनेचा. अर्धस्वयंचलित छऱ्यांच्या बंदुका मुख्यतः तीन तऱ्हांच्या आहेत, आणि ब्रेकचा परिणाम तिन्हींवर सारखा होत नाहीं.

पहिली तऱ्हा जॉन ब्राउनिंग यांच्या प्रसिद्ध ‘ऑटो-५’ बंदुकीची. तिचें पेटंट १९०० सालचें असून ती बेल्जममधील एफ. एन. कारखान्यांत तयार होऊं लागली. हींत बार होतांच नळी व खटका दोन्ही मिळून मागें जातात. काडतुसाहून अधिक अंतर कापल्यावर नळी आधीं पुढें परतते आणि रिकामें काडतूस बाहेर फेकलें जातें. नळीच्या वेगास आवर घालण्यासाठीं घर्षणाचीं कडीं बसविलेलीं असतात, आणि भारी किंवा हलक्या काडतुसाप्रमाणें त्यांची मांडणी बदलावी लागते. अशा बंदुकीच्या तोंडावर ब्रेक बसविला कीं हलणाऱ्या नळीचें वजन वाढतें, आणि वायु तिला पुढें ओढतो. दोन्ही कारणांनीं नळी मंदावते. म्हणून ब्रेक बसविल्यावर कड्यांची मांडणी पुन्हां तपासून पाहणें अवश्य आहे.

दुसरी तऱ्हा वायूवर चालणाऱ्या बंदुकांची. १९६३ सालीं बाजारांत आलेली रेमिंग्टन ११०० ही तिची सर्वपरिचित प्रतिनिधि. नळीच्या मध्यें कोठें तरी असलेल्या छिद्रांतून थोडा वायु घेऊन तो दट्ट्यास ढकलतो आणि खटका मागें जातो. ब्रेक या छिद्राच्या पुष्कळ पुढें असल्यामुळें यंत्राच्या कामांत तो सहसा ढवळाढवळ करीत नाहीं. शिवाय या रचनेंत धक्का थोड्या अधिक काळांत विभागला जातो, आणि खांद्यास ठोसा न बसतां ढकलल्यासारखें वाटतें. म्हणजे ज्या बंदुकीवर ब्रेक निर्धास्तपणें बसवितां येतो, तिलाच त्याची गरज सर्वांत कमी असते.

तिसरी तऱ्हा जडत्वावर चालणाऱ्या बंदुकांची. इटालींतील उर्बिनोच्या बेनेली कारखान्यानें ब्रूनो चिवोलानी या अभियंत्याच्या कल्पनेवरून ती प्रचारांत आणली. बंदूक झटक्यानें मागें येते, तेव्हां आंतील जड खटका जडत्वामुळें जागच्या जागीं राहूं पाहतो आणि मधली आंखूड, बळकट स्प्रिंग दाबली जाते. तीच स्प्रिंग पुढें उसळून खटक्यास मागें फेकते. बंदुकीचें झटक्यानें मागें येणें हेंच येथें यंत्राचें इंधन आहे. ब्रेक बसवून किंवा वजन वाढवून तें कमी केलें, तर हलक्या काडतुसांनीं यंत्र अर्ध्यावर अडकण्याचा संभव असतो. अशा बंदुकीच्या मालकानें ब्रेक घेण्यापूर्वीं निर्मात्याची पुस्तिका वाचावी, आणि आपल्या नेहमींच्या काडतुसांनीं परीक्षा घेतल्यावांचून त्यावर विसंबूं नये.

यानंतर येतो जोडणीचा प्रश्न. पुष्कळसे ब्रेक चोक-नळीच्या आट्यांवरच बसतात. परंतु या आट्या प्रत्येक कारखान्याच्या निराळ्या असतात. दिसावयास सारख्या वाटल्या तरी व्यास किंवा आट्यांमधील अंतर वेगळें असूं शकतें. बळानें पिळून बसविलेली अथवा शेवटपर्यंत न टेकलेली नळी घातक होय. तिची कड छऱ्यांच्या वाटेंत आली तर नळीचें तोंड फाटूं शकतें. ब्रेकचा आंतला व्यास चोकच्या तोंडापेक्षां मोठा असावा, आणि त्याचा आंस नळीच्या आंसाशीं जुळलेला असावा. रिकाम्या, खटका उघडलेल्या बंदुकींत मागून पाहिलें असतां दोन्ही वर्तुळें एकाच मध्याभोंवतीं दिसलीं पाहिजेत. आजच्या काडतुसांतील प्लॅस्टिकच्या वाटीचीं पानें लांब, उभ्या खाचांच्या कडांना घासतात, आणि त्यांचा कीस छिद्रांत सांचतो. म्हणून गुळगुळीत कडांच्या, सहज साफ होणाऱ्या छिद्रांची रचना पसंत करावी. धातूचा जड नळा टोकाला आला कीं बंदूक फिरविण्यास मंद होते, हेंही विसरूं नये.

आतां आवाजाची गोष्ट. आणि या साऱ्या विषयांत सर्वांत गंभीर तीच आहे. १२ बोअरच्या बाराचा आवाज नेमबाजाच्या कानाशीं १५० डेसिबलच्या वर जातो. १४० डेसिबलच्या वरचा एकच क्षणिक दणकाही कानास अपाय करूं शकतो असें वैद्यक मानतें. डेसिबलचें मापन साध्या बेरजेचें नाहीं. तीन डेसिबल वाढले कीं आवाजाची शक्ति दुप्पट होते. ब्रेक वायूस बाजूला किंवा मागें वळवितो, तेव्हां त्याबरोबर आवाजाची लाटही नेमबाजाकडे व शेजाऱ्याकडे वळते. कानाच्या आंतील शंखांतल्या सूक्ष्म केसांच्या पेशी एकदां नष्ट झाल्या कीं मनुष्याच्या देहांत पुन्हां उगवत नाहींत. खांद्यावरचा वळ आठवड्यांत मावळतो; कानाची हानि जन्मभर राहते. प्रथम बारीक, उंच स्वर ऐकूं येईनासे होतात, मग चारचौघांतलें बोलणें अस्पष्ट होतें, आणि घरांतल्या नातवंडांचा आवाजही दुरून आल्यासारखा वाटूं लागतो. म्हणून ब्रेक वापरणाऱ्यानें कानांत बोळे आणि वर कर्णटोप असें दुहेरी संरक्षण घ्यावें, आणि जवळ उभ्या राहणाऱ्यांनींही तें घेतलें आहे कीं नाहीं हें पाहावें.

जो धक्का ब्रेकनें शेकडा ११ घटतो, तो घटविण्याचे दुसरे मार्ग आहेत काय? आहेत, आणि ते निःशब्द आहेत. पहिला मार्ग काडतुसाचा. त्याच वेगानें ३२ ऐवजीं २४ ग्रॅम छर्रे उडविले, तर वर मांडलेल्या हिशेबानें बंदुकीची ऊर्जा २६ ज्यूलवरून १६ वर येते. घट शेकडा ३८ च्या आसपास. २४ ग्रॅम म्हणजे कांहीं पोरखेळ नव्हे. ऑलिंपिकच्या तबकडी-नेमबाजींत छऱ्यांची हीच मर्यादा असते. २००४ सालीं अथेन्स येथें राज्यवर्धनसिंह राठोड यांनीं दुहेरी ट्रॅपमध्यें भारतासाठीं रौप्यपदक मिळविलें, तें याच मर्यादेंत राहून. मात्र अर्धस्वयंचलित बंदूक इतक्या हलक्या काडतुसानें नीट चालते कीं नाहीं, हें आधीं पाहून घ्यावें.

दुसरा मार्ग वजनाचा. दस्त्याच्या पोकळींत ४०० ग्रॅम वजन घट्ट बसविलें तर ऊर्जा साडेतेवीस ज्यूलवर येते. म्हणजे निर्दोष ब्रेकइतकाच लाभ, आणि कानावर तिळमात्र भार नाहीं. जडत्वावर चालणाऱ्या बंदुकीस मात्र हा उपाय जपून योजावा. तिसरा मार्ग दस्त्याच्या मापाचा. दस्ता आंखूड किंवा वांकडा असेल तर धक्का खांद्याच्या मांसल भागाऐवजीं हाडावर अथवा गालावर बसतो. शरीरास जुळेलसा दस्ता, त्याच्या मागें रबराची जाड गादी, आणि बंदूक खांद्याशीं घट्ट धरून किंचित् पुढें झुकलेला पवित्रा, एवढ्यानेंच अनेकांची तक्रार मिटते. शिंपी ज्याप्रमाणें अंगरख्याचें माप घेतो, त्याप्रमाणें दस्त्याचें माप घेणारे कुशल कारागीर युरोपांत व अमेरिकेंत या धंद्यावर पोट भरतात. त्यांना दिलेला पैसा सहसा वायां जात नाहीं.

अखेरीस नियमांचा विचार. प्रत्येक स्पर्धेचे नियम निराळे असतात. आय. पी. एस. सी. या संस्थेच्या प्रात्यक्षिक नेमबाजींत ‘ओपन’ वर्गांत अशीं साधनें चालतात, ‘स्टँडर्ड’ वर्गांत चालत नाहींत. म्हणून पैसे मोजण्यापूर्वीं आपल्या स्पर्धेची नियमपुस्तिका पाहावी. भारतांत तर बंदूक बाळगणें हाच मुळीं १९५९ च्या शस्त्रकायद्याखालीं परवान्याचा विषय आहे, आणि अर्धस्वयंचलित शस्त्रांवर त्याचे निर्बंध अधिक कडक आहेत. याच कायद्याप्रमाणें शस्त्राची दुरुस्ती किंवा फेरफार करण्याचा धंदाही परवानाधारकासच करतां येतो. नळीस छिद्रें पाडणें, आट्या कापणें असलीं कामें ओळखीच्या लोहारावर सोंपविणें कायद्याच्या व जिवाच्या, दोन्ही दृष्टींनीं अयोग्य होय.

तेव्हां निवडीचा क्रम असा लावतां येईल. आधीं दस्त्याचें माप व गादी, मग हलकें काडतूस, मग यंत्ररचनेस सोसेल तेवढें वजन. इतकें करूनही दुसऱ्या बारास नळीचें तोंड वर उडत असेल, बंदूक वायूवर चालणारी असेल, आणि नियम परवानगी देत असतील, तर वरच्या बाजूस छिद्रें असलेला, त्याच कारखान्याच्या आट्यांचा, हलका ब्रेक घ्यावा. ब्रेक फक्त वायूनें दिलेला धक्काच परत घेऊं शकतो, आणि छऱ्यांच्या बंदुकींत तो सतरांतला एक भाग आहे. उरलेल्या सोळांचा बंदोबस्त ज्यानें आधीं केला, त्याला ब्रेक घ्यावा कीं न घ्यावा हा प्रश्न फारसा अवघड वाटणार नाहीं.